बिनकामाच्या झडत्या

गेल्या हिवाळ्यात आमच्या दवाखान्यात नागपूरहून एक मॅडम आल्या होत्या, ताणतणावावर बोलायला. ड्यूटी संपलेल्या सगळ्या सिस्टरांना हॉलमध्ये कोंबलं होतं. पाय सुजलेले, पोटात भूक, आणि मॅडम पडद्यावर फुलांची चित्रं दाखवत सांगत होत्या की आयुष्य आखीव असावं, पण त्यात छंदालाही जागा असावी. "तुमच्या दिवसात छंदाची वेळ ठरवून टाका आणि ती पाळा." बाजूच्या सिस्टरनं ते लिहूनही घेतलं. माझ्या मात्र डोक्यात सणक गेली. मनात म्हटलं, बाई, तू आपली नागपूरची गाडी पकड. आमच्या घरी हा प्रयोग होऊन गेला आहे, आणि त्यात भाजून निघाली ती मी.

आणि तो 'जोपासणे' शब्द! छंद जोपासा म्हणे. जोपासायला ते काय कुंडीतलं रोपटं आहे?

मला आखणीचा राग आहे असं कोणी समजू नये. मी वॉर्डची इन्चार्ज आहे. महिन्याचा ड्यूटी चार्ट मी बनवते, आणि ऐनवेळी कोणाच्या पोराला ताप आला तर बदलीला कोण येईल तेही मी आधीच ठरवून ठेवलेलं असते. घरीही तसंच. सोमवारी कोणती भाजी, सिलिंडर कधी लावला, सोयाबीन निघालं की मळणीला कोणाला सांगायचं, पोरगी कोणत्या शनिवारी घरी येणार, सगळं माझ्या डोक्यात असते आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरही असते. पवनारच्या पुलाकडून सकाळची बस येते तेव्हा मी फाट्यावर उभी असते. बस चुकते, मी चुकत नाही. लोक मागून हसतात, हसू द्या. मी आखलं नसतं तर या घराचं कधीच वाटोळं झालं असतं, आणि हे मी छातीठोक सांगते.

पण एक गोष्ट आखलेली नव्हती. ती म्हणजे झडत्या.

झडती म्हणजे पोलीस घेतात ती नव्हे. आमच्याकडे पोळ्याला गावाबाहेरच्या मैदानावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या करतात, आणि बैल सोडायच्या आधी माणसं एकमेकांवर चार-चार ओळींच्या चपराकी हाणतात. जुळवलेल्या ओळी, जोरात म्हटलेल्या, शेवटी महादेवाचा गजर. त्या झडत्या. सरपंचाला, सावकाराला, जावयाला, मास्तरला, कोणालाही सोडत नाहीत. नाव मात्र कोणाचं घ्यायचं नाही, बैल, बकरी, बोकड असं काहीतरी पुढं करायचं. ज्याला लागायची त्याला बरोबर लागते. त्या दिवशी कोणी रागवायचं नाही हाही रिवाज आहे. आणि म्हणायच्या माणसांनीच. बायांनी आरतीचं ताट घेऊन देवळाच्या ओट्यावर उभं राहायचं आणि पदरात हसायचं.

मला झडत्या येतात. कधीपासून ते माहीत नाही. मी करत नाही, त्या येतात, आणि येतात त्या चांगल्या स्वभावानं येत नाहीत. मी मनानं गोड बाई नाही. दिवसभर वॉर्डात "हो डॉक्टर, हो सर, हो आजी, जरा दम धरा" करत राहते, आणि जे गिळलेलं असते ते कुठंतरी साचते. मग कणीक मळताना, नाहीतर बसमध्ये उभ्या उभ्या, एकदम चार ओळी येऊन पडतात. एकदा बसमध्ये एक बकरी खरोखरच सीटवर बसली होती आणि आमच्या गावचे मास्तर दांडा धरून लोंबकळत होते. हे मास्तर शाळेत वर्ग सोडून दिवसभर मोबाईल पाहतात. पुढचा थांबा येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं:

बस आली भरून, दार नाई लागे,
बकरी बसली सीटवर, मास्तर उभे मागे;
बकरी म्हणे मास्तरजी, तुमी बसा खाली,
तुमच्या शाळेत शिकून माही पोरं बकरीच झाली!

मी खिडकीकडे तोंड करून अशी हसली की शेजारच्या म्हातारीला वाटलं मी रडून राह्यली. तिनं पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

बस्स, एवढंच. लिहायची नाही, कोणाला सांगायची नाही. वर्ध्याला उतरेपर्यंत ती माझी, मग वॉर्डात शिरली की विसरली तरी चालते. ही तेवढी चुकून लक्षात राहिली. शंभरातल्या नव्वद कुठं गेल्या देव जाणे, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माझ्या अख्ख्या दिवसात ही एकच गोष्ट होती जी कोणाच्या कामाची नव्हती. ती बिघडली तर कोणाचा ताप वाढत नव्हता, कोणी उपाशी राहत नव्हतं. तिला चार्ट नव्हता. चांगली जमली तरी माझीच, भिकार जमली तरी माझीच.

आता आमचा नवरा.

माणूस वाईट नाही, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून लोक भलतंच समजतील. शेतीत हात चांगला. गावात आता ट्रॅक्टर झाले, तरी यानं बैलजोडी ठेवली आहे, आणि बैलांना जपते तसं मला जपलं असतं तर मी काही तक्रार केली नसती. पण त्याला एक खोड आहे. गावभर सल्ले वाटत फिरायचं. कोणाच्या कपाशीवर काय फवारायचं, कोणी तूर कधी पेरायची, कोणाच्या वावरातला धुरा, म्हणजे बांध, कुठून काढायचा, सगळं याला विचारा. पांढराशुभ्र शर्ट, आणि दर रविवारी केसाला-मिशीला काळा रंग. गावात अशी हुशारी पाजळून घरी आला की दारातूनच सुरू, "अवो, माहा टॉवेल कुठं आहे? अवो, ताट वाढलं का? अवो, चष्मा दिसते का?" चष्मा कपाळावर असते.

एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून येऊन भाकरी थापत होती. दिवस खराब गेला होता. हा बाहेरून आला आणि फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "खायले काई आहे का घरी?" फ्रीजमध्ये, त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट होतं. मी हातातली भाकरी तव्यावर टाकली. ताट काढून दिलं. जेवून तो गोठ्याकडे गेला, आणि तवा उतरवता उतरवता माझ्या तोंडातून निघालं:

बैल माहा पांढरा, शिंगाले काळा रंग,
गावाले शिकवते वखरायचा ढंग;
दुसऱ्याच्या वावरात सरळ काढते तास,
घरी आला का पुसते, कुठं ठेवला घास?

मी ती दोनदा म्हटली, कारण जमली होती. कशी जमली होती म्हणून सांगू! सगळा शिणवटा उतरला. मला वाटलं नवरा गोठ्यात आहे. तो स्वयंपाकघराच्या मागं नळावर हात धूत उभा होता.

पुढं थोड्याच दिवसांनी पोळा आला. मी ताट घेऊन ओट्यावर, बायांच्या घोळक्यात. तोरणाखाली जोड्या लागलेल्या, माइकवर झडत्या चाललेल्या, आणि बघते तो आमचा नवरा माइक घेऊन उभा. जन्मात यानं कधी झडती म्हटली नव्हती. समोरच्या बाजूला याचा चुलतभाऊ, म्हणजे माझा चुलत दीर, पोळा समितीचा अध्यक्ष. तोही पांढऱ्या कपड्यात, त्यालाही भाषणाची हौस. नवऱ्यानं त्याच्याकडे हात केला आणि सुरू केलं, "बैल माहा पांढरा..."

माझ्या हातातलं ताट कलंडलं. निरांजन विझलं.

माझी झडती. माझ्या तव्यावरची. आणि या शहाण्यानं ती अध्यक्षावर केली! त्याला वाटलं पांढरा बैल म्हणजे अध्यक्ष. अध्यक्षाच्या डोक्यावर एक केस नाही, काळा रंग लावणार कुठं? आदल्याच दिवशी रंगवलेली मिशी घेऊन आमचा बैल स्वतःच माइकवर उभा. पहिली ओळ झाली तेव्हा लोक गप्प. दुसऱ्या ओळीला आमच्या ओट्यावर एका बाईनं पदर तोंडात कोंबला. तिसरीला अख्खा ओटा हलत होता. आणि "कुठं ठेवला घास" म्हटल्यावर मैदान असं फुटलं की बैल बुजले. "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" नवरा हात वर करून ओरडला, आणि गाव त्याच्यासोबत ओरडलं. अध्यक्ष तर डोळे पुसत होता.

त्याला बक्षीस मिळालं. स्टीलची बादली. ती घेऊन तो घरी आला आणि मला म्हणाला, "आयकलं न?" मी म्हटलं, आयकलं. तो म्हणाला, "लोकं लय हासले." मी म्हटलं, हो, लय हासले. झडती माझी आहे हे तो बोलला नाही, मीही बोलली नाही. मी मनात म्हटलं, जाऊ दे, पोळा झाला, झडती झाली, उद्या कोण आठवते. इथं माझं गणित चुकलं.

त्या बादलीनं आमच्या घरात आग लावली. अध्यक्षाच्या डोक्यात आलं की पुढच्या पोळ्याला झडत्यांची स्पर्धा घ्यायची. आजूबाजूच्या गावांतून माणसं बोलवायची. विषय आधी द्यायचा, स्वच्छता आणि पाणी वाचवा. वेळ ठरलेली, परीक्षक ठरलेले. आणि आमच्या गावातर्फे कोण? आमचा नवरा. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर नवऱ्याचा फोटो, गॉगल घातलेला, आणि खाली लिहिलं होतं 'झडतीसम्राट'. मी बसमधून तो फ्लेक्स पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं खाली उतरून फाडावा. सम्राट म्हणे! ज्याला बनियान सापडत नाही तो सम्राट.

आणि मग घरात सुरू झालं. आधी आडून. "काई येऊन राह्यलं का डोक्यात?" मी म्हणायची, काय येणार, भाजी काय आणायची ते येऊन राह्यलं. मग सरळ. एक दिवस सकाळी बघते तर माझ्या कॅलेंडरवर, माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, यानं दर रविवारी लाल पेनानं 'झडती' लिहून ठेवलं होतं. म्हणाला, "तूच तर म्हणतं, ठरवल्याबिगर काई होत नाई. रविवारी तुले सुट्टी राह्यते. तवाच बसत जाऊ."

बसत जाऊ! मीही बसली, हा माझा मूर्खपणा. चहा घेऊन हा समोर, मोबाईल हातात, "हं, सांग." तो असा बघायचा जसं म्हशीखाली बादली ठेवून बसला आहे. मी सांगायची काहीतरी. "झाडू घ्या हाती, गाव करू साफ" असली. घंटागाडीवर भोंग्यात लावायच्या लायकीची. तो खुश होऊन म्हणायचा, जमते, जमते. मला ओकारी यायची. जोडायला काय, शब्द जोडता येतात. ड्यूटी चार्टमध्ये नावं जोडते तसे मी शब्द जोडत होती. त्यात मी कुठं होती?

पुढं तर यानं हद्द केली. मी भाकरी थापताना चहाच्या डब्यामागं काहीतरी चमकलं. बघते तर याचा मोबाईल, रेकॉर्डिंग सुरू करून लपवून ठेवलेला. मी तो उचलला आणि पिठाच्या डब्यात खुपसला. दोन दिवस शोधत होता.

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. येणं बंद झालं. आधी मला वाटलं, होईल, येईल. बसमध्ये मुद्दाम खिडकीशी बसायची. एका माणसानं कोंबडीला रुमालानं वारा घातला, दुसऱ्या वेळी कंडक्टरनं स्वतःच्या सासऱ्याला तिकिटावरून उतरवलं. एरवी अशावर दोन-दोन आल्या असत्या. काही नाही. डोक्यात फक्त लाल पेनातला रविवार. कणीक मळताना एखादी ओळ उठायला लागली की लगेच दुसरा विचार, ही त्याला चालेल का, विषयात बसेल का, आणि ओळ मरायची. मी घाबरली. खोटं कशाला सांगू, मी खूप घाबरली. पन्नाशीतली बाई, घरदार ठीक, नोकरी ठीक, आणि चार बिनकामाच्या ओळी येत नाहीत म्हणून बसमध्ये छातीत धडधडते. कोणाला सांगायचं हे? सांगितलं असतं तर सगळ्यांनी मिळून मला त्या ताणतणावाच्या मॅडमसारख्या कोणाकडे तरी पाठवलं असतं.

असा श्रावण सरत आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सुजतात, त्यांना तूप-हळद लावून पळसाच्या पानांनी शेकतात. दुपारी नवरा गोठ्यात हेच करत होता, मी त्याला गरम तुपाची वाटी द्यायला गेली. तो खाली बघूनच म्हणाला, "उद्याची काई झाली का? एक तरी मागच्यासारखी दे. लोकं येऊन राह्यले बाहेरून."

झालं. माझा ताबा सुटला.

"तुमाले मालूम आहे का ते कोणावर होती?" मी म्हटलं. "मागच्या सालची. ज्याच्यावर बादली घेऊन आले. ते अध्यक्षावर नव्हती. ते तुमच्यावर होती! पांढरा बैल तुमी. काळा रंग तुमचा. घास कुठं ठेवला, हे तुमी फ्रीजसमोर उभे राहून पुसत होते. सारं गाव तुमच्यावर हासलं, अन् तुमी हात वर करून महादेव म्हटलं!"

मी हे वर्षभर जपून ठेवलं होतं. मला वाटलं होतं, कधीतरी हाणीन आणि हा जागच्या जागी बसेल. हा बसला नाही. बैलाच्या खांद्यावरून पान फिरवत राहिला आणि म्हणाला, "मालूम आहे मले."

"काय मालूम आहे?"

"दुसऱ्याच ओळीले समजलं. बाया हासल्या न, तवा."

"मंग थांबले काऊन नाई?"

"कसा थांबू? सुरू केलतं." तो दुसऱ्या बैलाकडे वळला. "अन् चांगली होती ते."

मी ओरडली. मी म्हटलं, मालूम होतं तर वर्षभर माझ्या मागं काऊन लागले? अजून शिव्या खायची हौस होती का?

"हो," तो म्हणाला. "तू मले तोंडावर कवा काई म्हणतं का? भाजी काय आणू, सिलिंडर आलं का, यापरस काई बोलतं का तू माह्यासंगं? मले तवा समजलं का तुह्या मनात माह्याबद्दल काय आहे. मले वाटलं, अजून आयकावं."

"आयकाचं होतं तर इचाराचं होतं!"

"इचारलं असतं तर सांगतलं असतं?"

नसतं सांगितलं. पण म्हणून काय झालं? त्याचं म्हणणं ऐकून मी विरघळली असेन असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. माझा राग दुप्पट झाला. चोर म्हणून तो बरा होता. चोरानं वस्तू नेली तरी वस्तूत फरक पडत नाही. हा तर ऐकायला बसला होता! म्हणजे आता मी काहीही पुटपुटली की भिंतीपलीकडे एक माणूस, कान देऊन, आपल्याबद्दल काय निघते याची वाट पाहणार. मी त्याला म्हटलं, "माह्यापाशी एकच गोष्ट होती जिचं कोणाले काई काम नव्हतं. तेही तुमी कामाले लावली." वाटी तिथंच ठेवली आणि घरात निघून आली. तो मागून काहीतरी बोलला, मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. फ्लेक्स, माइक, बाहेरगावचे लोक, परीक्षकांना खुर्च्या. मी ओट्यावर. मला वाटलं होतं हा आपली घंटागाडीवाली झडती म्हणून मोकळा होईल. अध्यक्षानं पुकारलं, "आता आपले झडतीसम्राट!" टाळ्या. नवऱ्यानं माइक घेतला, खाकरला, आणि म्हणाला, "माह्यापाशी झडती नाई. गेल्या सालची माही नव्हती. आमच्या घरची होती, अन् माह्यावरच होती. तिले न पुसता म्हटली मी." आणि माइक परत दिला.

माझ्या बाजूच्या बाईनं मला कोपर मारलं. मग सगळं मैदान, बैल सोडून, माझ्याकडे वळलं. अध्यक्षाला तर काय, आयतं मिळालं. "वयनी! या, या माइकवर! बाया म्हणत नाईत असं कुठं लिहिलं आहे? होऊन जाऊ द्या एक!" लोक टाळ्या वाजवायला लागले. मागच्या बाया ढकलायला लागल्या, "जा न वं, म्हण न, मार एक." कोणीतरी मोबाईल वर धरला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी.

लोक म्हणतील, केवढा मान दिला. मान! मला नवऱ्याचा असा संताप आला की डोळ्यांपुढं काळं आलं. त्याला वाटलं असेल, आपण खरं बोललो, चुकीची भरपाई केली. अरे माणसा, तू एकटा ऐकत होता तेवढं कमी होतं का, की अख्खा तालुका आणून बसवला माझ्यासमोर? मी त्या मोबाईलांकडे पाहिलं. डोक्यात काही नव्हतं. धुतलेल्या पाटीसारखं कोरं. आणि नव्हतं त्याची त्या वेळी मला लाजही वाटली नाही. मी ओट्यावरूनच ओरडली, "माह्यापाशी काई नाई! बैल तापून राह्यले, सोडा त्याईले!"

थोडी कुजबुज झाली, "भाव खाते" असं एक बाई म्हणाली ते मला ऐकू आलं. मग बाहेरगावच्या एका माणसानं पाणी वाचवावर काहीतरी म्हटलं, त्याला बक्षीस मिळालं, तोरण तुटलं, बैल पळाले.

दिवस मावळायच्या आत जोड्या घरोघर येतात. बाईनं बैलांचे पाय धुवायचे, कपाळाला कुंकू लावायचं, पुरणपोळी चारायची, आणि सोबतच्या माणसालाही टिळा लावायचा. आमची जोडी आमच्या दारात आली. शिंगांना रंग, पाठीवर झूल, आणि दोर धरून नवरा. मान खाली. मी बैलांचे पाय धुतले. बैलांना ओवाळलं. पोळी चारली. मग याच्यासमोर कुंकवाचं बोट घेऊन उभी राहिली.

उन्हात घाम येऊन त्याच्या मिशीचा काळा रंग ओघळला होता. ओठाच्या कडेनं हनुवटीपर्यंत एक रेघ आली होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. सगळ्या गावासमोर खरं बोलून आलेला माणूस, आणि तोंडावर स्वतःचीच शाई. मी त्याच्या कपाळाला बोट लावलं आणि ती आली. चारही ओळी. मागून कोणी ढकलल्यासारख्या, अशा दुष्ट, अशा नेमक्या, की मला गाल आतून चावून धरावा लागला.

त्यानं वर पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाला माझ्या तोंडावरचं काही वाचता आलं नाही, ते नेमकं त्या क्षणी आलं.

"आली का?" तो हळूच म्हणाला.

"नाई," मी म्हटलं, आणि ताट घेऊन आत गेली.